जंगली महाराज रस्त्याचा सायकल ट्रॅक: चालणाऱ्याला सोयीचा, सायकलवाल्याला अर्धवट

पुण्यातील जंगली महाराज रस्ता अनेक वर्षे एकाच गोष्टीसाठी ओळखला जात होता, ती म्हणजे त्यावर खड्डे पडत नसत. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा रस्ता हमी संपून कितीतरी काळ लोटला तरी शाबूत राहिला, आणि शहरात कुठेही नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला की लोक याच रस्त्याचा दाखला देऊ लागले. साधारण 2016 नंतरच्या काळात या रस्त्याला दुसरी ओळख मिळाली. महापालिकेने रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती. त्यांना धरून रस्त्याच्या कडा नव्याने आखण्यात आल्या, पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली, गाड्या लावण्यासाठी ठरावीक कप्पे पाडले गेले आणि सायकलसाठी वेगळ्या रंगाचा पट्टा काढण्यात आला. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्या पट्ट्याचे आहे. ते करताना मी एकच निकष लावला आहे. सुटीच्या दिवशी हौसेने सायकल काढणाऱ्याला तो कसा वाटेल, हा प्रश्न मी बाजूला ठेवला असून कामावर, शिकवणीला किंवा नाटकाला सायकलने जाणाऱ्या माणसाला तो किती उपयोगी पडतो, एवढेच पाहिले आहे.

आधी रस्त्याची जातकुळी सांगितली पाहिजे, कारण ट्रॅकचे निम्मे यशापयश तिच्यातूनच येते. शिवाजीनगरच्या बाजूने डेक्कन जिमखान्याकडे जाणारा हा सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता एकेरी आहे. उलट दिशेची वाहतूक समांतर जाणाऱ्या फर्ग्युसन रस्त्याने होते. वाटेत पाताळेश्वर लेणी, ज्यांच्या नावाने रस्ता ओळखला जातो त्या जंगली महाराजांचे मंदिर, 1968 मध्ये उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर आणि संभाजी उद्यान अशी गर्दीची ठिकाणे आहेत. शिवाय दुकाने, उपाहारगृहे, बँका आणि कार्यालये आहेतच. याचा अर्थ असा, की या रस्त्यावर नुसते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे लोक थोडे आणि मध्येच थांबणारे, वळणारे, गाडी लावणारे, चालत पलीकडे जाणारे लोक पुष्कळ. अशा रस्त्यावर वेगळी मार्गिका काढणे हे महामार्गाच्या कडेला काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम असते, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

पदपथाबद्दल प्रथम, आणि मोकळ्या मनाने. पुण्यात चालणाऱ्या माणसाला इतकी जागा देणारे रस्ते बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि हा त्यांतला अग्रगण्य आहे. जुने वृक्ष न तोडता पदपथात सामावून घेतले आहेत, त्यामुळे दुपारीही चालता येते. दोन माणसे शेजारी शेजारी बोलत जाऊ शकतात, म्हाताऱ्या माणसाला मध्येच टेकता येते, नाटक सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी रस्त्यावर न सांडता काठावर उभी राहू शकते. गाड्यांसाठी असलेल्या रस्त्याची रुंदी कमी केली म्हणून सुरुवातीला जी ओरड झाली ती मला तेव्हाही पटली नव्हती. या रस्त्यावरच्या वाहनांचा वेग पूर्वीपासूनच मधल्या मार्गिकांच्या संख्येपेक्षा सिग्नलवर आणि आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांवर अवलंबून होता. पदपथाला पाचपैकी चार गुण द्यायला मला अडचण वाटत नाही.

सायकल ट्रॅकला मात्र दोनच्या वर जाता येत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

पहिले कारण पातळीचे आहे. बहुतेक लांबीत हा ट्रॅक पदपथाच्याच उंचीवर, पदपथाचाच एक रंगीत भाग म्हणून काढला आहे. कागदावर हे चांगले दिसते, कारण मोटारींपासून सायकलवाला पूर्णपणे वेगळा होतो. पण मोटारींपासून वेगळे करताना त्याला चालणाऱ्यांमध्ये नेऊन सोडले आहे. चालणारा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने जातो, साधी सायकल बारा ते पंधराने. एवढा फरक असलेली दोन माणसे एका सपाटीवर असली आणि त्यांच्यामध्ये फक्त रंगाची रेघ असली, तर चालणारा ती रेघ ओलांडणारच. त्यात त्याचा दोष नाही. दुकानातून बाहेर पडणारे कुटुंब, मुलाच्या मागे धावणारी आई, मोबाइलवर बोलत फेऱ्या मारणारा गृहस्थ यांना आपण सायकलच्या वाटेवर उभे आहोत हे पायाला कळत नाही. सायकलवाल्याने घंटी वाजवली की ते दचकतात, आणि काही जण रागावतात. त्यांचे रागावणेही एका अर्थी रास्तच असते, कारण पदपथावर चाके येऊ नयेत हेच आपण त्यांना जन्मभर शिकवत आलो.

कोपनहेगनमध्ये रूढ असलेली रचना येथे आठवते. तिथे तीन पातळ्या असतात: गाड्यांचा रस्ता सर्वांत खाली, सायकलची मार्गिका त्याहून काही सेंटिमीटर उंच आणि पदपथ तिच्याहूनही उंच. प्रत्येक पातळीच्या कडेला छोटी पायरी असते. चालणाऱ्याने सायकलच्या मार्गिकेत उतरायचे म्हटले तर त्याला खरोखरच उतरावे लागते, आणि तेवढ्यानेच त्याची नजर आपोआप मागे वळते. पाटी, रंग आणि चिन्ह यांपेक्षा ती बोटभर उंचीची पायरी जास्त काम करते. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ नव्याने करताना ही पायरी ठेवणे शक्य होते, आणि तिला फारसा जास्तीचा खर्चही आला नसता. पावसाचे पाणी वाहून नेण्याच्या व्यवस्थेत थोडा फेरफार करावा लागला असता इतकेच.

पृष्ठभागाविषयी थोडक्यात. सायकलच्या अरुंद चाकाला पेव्हर ब्लॉकपेक्षा डांबर किंवा सलग काँक्रीट मानवते. ब्लॉकच्या कडा झिजलेल्या किंवा झाडाच्या मुळाने उचललेल्या असल्या की हादरे थेट मनगटात येतात. ज्या रस्त्याच्या गुळगुळीतपणाच्या आख्यायिका झाल्या, त्याच रस्त्यावर सायकलवाल्याला मुख्य डांबरी भाग जास्त सुखाचा वाटावा आणि म्हणून सराईत सायकलस्वारांनी ट्रॅक सोडून खालूनच जावे, ही गंमत नोंदवून पुढे जातो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे स्कूटर.

पुण्यात सायकल ट्रॅकविषयी बोलायचे आणि दुचाकीविषयी बोलायचे नाही, हे शक्य नाही. 2018 मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांच्या पुढे गेली आणि ती लोकसंख्येहून अधिक झाली, अशी नोंद झाली होती. त्यांतल्या सुमारे 27 लाख दुचाकी होत्या. म्हणजे या शहरातला रस्ता हा आधी दुचाकीचा आहे आणि मग इतरांचा. असे असताना सायकलसाठी वेगळी वाट काढली, पण दुचाकीने कुठून जायचे आणि कुठे थांबायचे हे नीट ठरवले नाही, तर ती वाट दुचाकीचीच होणार. परदेशातल्या आराखड्यांत सायकलची मार्गिका मोटारीपासून वाचवायची असते, कारण तिथे धोका मोटारीचा. आपल्याकडे ती वाचवायची आहे मुख्यतः स्कूटरपासून, आणि त्यासाठी मोटार अडवणारी साधने कुचकामी ठरतात.

बोलार्डचेच पाहा. ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी किंवा दगडी खांब रोवले की दुचाकी आत येणार नाही, अशी कल्पना असते. साधे मोजमाप केले तर ती टिकत नाही. लोकप्रिय गिअरलेस स्कूटरची रुंदी सुमारे 70 सेंटिमीटर असते. जुन्या काळ्या सायकलचे हँडल 55 ते 60 सेंटिमीटर, तर आजकाल तरुण मुले वापरतात त्या जाड टायरच्या सायकलींचे 65 ते 75 सेंटिमीटर भरते. म्हणजे काही सायकली स्कूटरपेक्षा रुंद आहेत. शिवाय चालत्या सायकलला डोलायला दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते, आणि व्हीलचेअर जायची असेल तर निदान 90 सेंटिमीटर मोकळे सोडावे लागतात. या आकड्यांमधून असे एकही अंतर निघत नाही, ज्यातून सायकल आणि व्हीलचेअर जाईल आणि स्कूटर मात्र अडेल. खांब जवळ आणले की अपंग माणूस आणि सायकलवाला अडकतो. दूर नेले की स्कूटर घुसते. शहरात जिथे जिथे असे खांब आहेत तिथे हेच घडताना दिसते: अंतर कमी असेल तर सायकलवाला उतरून सायकल तिरकी करून नेतो आणि शेवटी कंटाळून ट्रॅकवर चढणेच सोडतो, आणि अंतर जास्त असेल तर दुचाकीस्वार वेग किंचित कमी करून सफाईने आत शिरतो.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. पदपथ किंवा विशिष्ट वाहतुकीसाठी राखलेली मार्गिका असेल तर गणवेशातील पोलिसाच्या परवानगीशिवाय तिच्यावरून वाहन चालवू नये, असे 1989 च्या रस्ते नियमांतच म्हटलेले होते, आणि त्यांच्या जागी आलेल्या 2017 च्या नियमांनी पदपथावर व सायकल ट्रॅकवर वाहन उभे करण्यालाही मनाई केली आहे. म्हणजे नियम करून झाले आहेत. पण दीड किलोमीटरच्या प्रत्येक फटीवर पोलीस उभा करता येत नाही, आणि केला तरी तो सिग्नल सोडून ट्रॅककडे पाहणार नाही, पाहूही नये.

दुचाकीस्वार ट्रॅकवर का येतो, हे त्याला दूषणे न देता पाहिले तर उपाय जवळ येतो. माझ्या निरीक्षणात त्याची कारणे ठळक आहेत. रस्ता एकेरी असल्यामुळे ज्याला शंभर-दोनशे मीटर मागे जायचे आहे, त्याला नियम पाळायचा तर फर्ग्युसन रस्त्यावरून मोठा वळसा पडतो. खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मुलाला मिनिटांचा हिशेब द्यायचा असतो, तो हा वळसा घेणार नाही. दुसरे, पार्किंगचे कप्पे भरलेले असले की दुकानासमोर दोन मिनिटे गाडी लावायला सर्वांत सोयीची मोकळी जागा म्हणजे हा रंगीत पट्टाच. आणि संध्याकाळी सिग्नलला मोटारींची रांग लागली की तिच्या डाव्या बाजूने पुढे सरकण्याची दुचाकीस्वाराची सवय त्याला सहज वर चढवते, कारण दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या फाटकांपाशी उतार केलेले आहेतच. ही तिन्ही कारणे रस्त्याच्या आखणीतून आली आहेत. शिस्तीचा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

म्हणून मला वाटते, की पुण्यात सायकलसाठी वेगळी वाट मागणाऱ्यांनी त्याच दमात स्कूटरसाठीही वेगळी जागा मागितली पाहिजे. सायकलप्रेमी मंडळींना हे रुचत नाही, याची मला कल्पना आहे. पेट्रोलच्या वाहनाला आणखी सवलती कशाला, असे ते म्हणतात. पण दुचाकी जिथे वाहतुकीचा मोठा हिस्सा आहे त्या देशांनी हा प्रश्न टाळलेला नाही. मलेशियात क्वालालंपूर ते क्लांग या फेडरल हायवेला मोटारसायकलींसाठी पूर्ण वेगळी मार्गिका सत्तरच्या दशकापासून आहे. तैवानच्या शहरांत सिग्नलच्या थांबारेषेपुढे स्कूटरसाठी रंगवलेला चौकोन असतो, जिथे दुचाकी मोटारींच्या पुढे जाऊन उभ्या राहतात आणि दिवा हिरवा होताच आधी सुटतात. मोठ्या चौकांत तिथे स्कूटरने वाहतूक कापून वळायचे नसते. सरळ पलीकडे जाऊन तिथल्या चौकोनात थांबायचे आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल मिळाला की निघायचे, अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे. यातली पहिली गोष्ट, म्हणजे दिव्यापाशी पुढचा चौकोन, जंगली महाराज रस्त्यावर रंगाच्या डब्यांच्या खर्चात करता येईल. मलेशियासारखा कठड्याआडचा मार्ग इथे करू नये. तो दूर जाणाऱ्यांसाठी आहे आणि इथला दुचाकीस्वार दर पन्नास मीटरला थांबतो.

याच संदर्भात विजेवर चालणाऱ्या हलक्या दुचाकींचा पेच आहे. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या गाडीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही आणि चालवण्याचा परवानाही लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सायकलच्या जवळची, दिसायला आणि वजनाला मात्र स्कूटरच्या जवळची. भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्या घेऊन डिलिव्हरी करणारी मुले आता सगळीकडे दिसतात, आणि ती ट्रॅकवरून गेली तर त्यांना कोणत्या तोंडाने हटकावे हे कळत नाही. ॲमस्टरडॅमचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तिथे ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असलेल्या हलक्या मोपेडना वर्षानुवर्षे सायकल मार्गावरून जाऊ दिले जात होते. प्रत्यक्षात पुष्कळ मोपेड मर्यादेपेक्षा वेगाने धावत आणि अरुंद मार्गावर सायकलस्वारांना घाबरवत. अखेर एप्रिल 2019 पासून शहराच्या वर्तुळाकार महामार्गाच्या आतल्या बहुतेक भागात त्यांना हेल्मेट घालून मोटारींच्या रस्त्यावर जाणे बंधनकारक झाले. सायकलींच्या राजधानीतही हे दोन प्रकार एका वाटेवर नांदू शकले नाहीत, तर आपल्या दोन हातांच्या रंगीत पट्ट्यावर ते नांदतील अशी आशा कशाच्या बळावर करायची?

आता चौक. वेगळ्या मार्गिकेची खरी परीक्षा दोन चौकांच्या मधल्या भागात होत नाही, ती चौकातच होते, कारण सायकलवाल्याला धडक बसण्याची भीती तिथेच सर्वाधिक असते. या ट्रॅकचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते हा आहे, की जिथे सायकलवाल्याला आधार हवा तिथेच तो हात काढून घेतो. बालगंधर्वच्या चौकापाशी येईपर्यंत तुम्ही झाडांच्या सावलीतून, मोटारींपासून दूर, बऱ्यापैकी निश्चिंत येता. चौक आला की पट्टा विरतो आणि तुम्ही अचानक पादचाऱ्यांच्या घोळक्यात, उतारावरून खाली, डावीकडे वळणाऱ्या वाहनांच्या पुढ्यात येऊन पडता. वाहनचालकाच्या बाजूने पाहिले तर हा प्रकार आणखी धोकादायक ठरतो. जी सायकल आतापर्यंत उभ्या गाड्यांच्या आणि झाडांच्या आड होती, ती त्याला वळताना पहिल्यांदाच दिसते. रस्त्यावरूनच चाललेली सायकल निदान त्याच्या नजरेत तरी असते.

यावरचे उपाय जगभर ठाऊक आहेत आणि ते महागडे नाहीत. चौकाच्या आधी काही मीटर पार्किंग बंद करावे, म्हणजे सायकलवाला आणि वळणारा चालक एकमेकांना दिसतात. ट्रॅकची पातळी आडव्या गल्लीवरून तशीच सलग पुढे न्यावी, म्हणजे सायकल खाली उतरण्याऐवजी वाहनाला वर चढावे लागते आणि त्याचा वेग आपोआप पडतो. कोपऱ्याची गोलाई कमी करावी, म्हणजे वळण झोकात घेता येत नाही. सिग्नलला सायकलींना काही सेकंद आधी सोडावे. यांपैकी आडव्या गल्लीवरून सलग पातळी नेण्याचा उपाय मला या रस्त्यावर सर्वांत निकडीचा वाटतो, कारण इथे मोठ्या चौकांपेक्षा छोट्या गल्ल्यांची आणि हॉटेलांच्या फाटकांची संख्या जास्त आहे आणि प्रत्येक फाटक हा सायकलवाल्याच्या दृष्टीने एक चौकच असतो.

एकेरी रस्त्याचा एक फायदा मात्र आराखड्यात हेरला गेला नाही, याचे वाईट वाटते. सायकलवाल्याला डेक्कनकडून शिवाजीनगरकडे, म्हणजे वाहतुकीच्या उलट दिशेने, जाण्याची अधिकृत आणि सुरक्षित सोय करून देणे ही अशा रस्त्यावर त्याला देता येणारी सर्वांत मोलाची गोष्ट होती. स्वतःच्या पायांच्या बळावर चालणाऱ्या माणसाला वळसा जितका जड जातो तितका इंजिनवाल्याला जात नाही. युरोपातील अनेक शहरांनी एकेरी रस्ते सायकलसाठी दुहेरी करून टाकले आहेत. इथे ते करायचे तर ट्रॅकची रुंदी दोन सायकली एकमेकींना ओलांडतील इतकी, म्हणजे दोन मीटरच्या वर, सलग हवी आणि दिशांचे बाण स्पष्ट हवेत. सध्याची रुंदी झाडे, खांब आणि वीजपेट्या टाळत कमी-जास्त होत जाते. त्यामुळे समोरून कोणी आले की एकाला थांबावे लागते. बहुधा तो एक म्हणजे सायकलवालाच असतो, कारण समोरून आलेली स्कूटर असते.

पार्किंगचे कप्पे पाडले हे चांगलेच झाले. पण फुकट किंवा जवळजवळ फुकट असलेली जागा संध्याकाळी सहानंतर रिकामी राहत नाही, आणि मग ओसंडून आलेली दुचाकी ट्रॅकवर चढते. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च 2018 मध्ये पार्किंगला शुल्क आकारण्याचे धोरण मोजक्या रस्त्यांपुरते मंजूर केले होते. त्या वेळी त्याला झालेला विरोध पुणेकरांना आठवत असेल. मला त्या विरोधातला सामान्य माणसाच्या खिशाचा मुद्दा समजतो. तरीही ज्या रस्त्यावर जागा सर्वांत टंचाईची आहे त्याच रस्त्यावर ती पहिल्या येणाऱ्याला दिवसभरासाठी देऊन टाकायची, आणि पदपथ व ट्रॅक अडला म्हणून हळहळायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. आता संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही मेट्रोस्थानके ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झालेल्या टप्प्यामुळे हाकेच्या अंतरावर आली आहेत, त्यामुळे गाडीशिवाय येता येत नाही ही सबबही पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही.

शहरातल्या इतर ट्रॅकांशी तुलना करायची तर जंगली महाराज रस्ता नक्कीच उजवा ठरतो. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, सुरू झाली, तिच्याबरोबर सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर सायकल ट्रॅक आले. त्यांचे पुढे तुकडे झाले. कुठे बसथांब्याने, कुठे टपऱ्यांनी, कुठे उड्डाणपुलाच्या कामाने. तिथे सलग सायकल चालवता येत नाही, हे त्या भागात राहणारा कोणीही सांगेल. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक तर सायकलींऐवजी उभ्या गाड्यांसाठीच ओळखला गेला, आणि शेवटी मोटारींना आणखी एक मार्गिका देण्यासाठी तो काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. न वापरला गेलेला ट्रॅक हा पुढच्या ट्रॅकच्या विरोधात पुरावा म्हणून वापरला जातो, म्हणूनच निकृष्ट ट्रॅक हा ट्रॅक नसण्यापेक्षाही वाईट, असे मी मानतो.

पुण्याने डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 800 हून अधिक किलोमीटरचे जाळे आणि सुमारे 335 कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित होता. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, नंतर आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि दोन-अडीच वर्षांत दिसेनाशाही झाल्या. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या दिवसांची आठवण काढून त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. पण भाड्याच्या सायकली बंद पडण्यामागे मोडतोड आणि कंपन्यांचे हिशेब ही कारणे जेवढी होती, तेवढेच हेही होते, की त्या घेऊन जायचे कुठे? दीड किलोमीटरचा बरा ट्रॅक दोन्ही टोकांना तुटलेला असेल, तर घरापासून कामापर्यंतच्या सहा-सात किलोमीटरांत तो जिन्याच्या मधल्या चार पायऱ्यांसारखा असतो. जंगली महाराज रस्त्याचा ट्रॅक एका टोकाला शिवाजीनगरच्या गर्दीत आणि दुसऱ्या टोकाला डेक्कनच्या गर्दीत सायकलवाल्याला सोडून देतो. विद्यापीठाकडून येणारा विद्यार्थी किंवा कर्वे रस्त्याने येणारा नोकरदार या दोन टोकांपर्यंत जीव मुठीत धरूनच पोहोचलेला असतो. त्याला मधल्या दीड किलोमीटरच्या संरक्षणाचे अप्रूप वाटत नाही, आणि सायकल सोडून स्कूटर घेण्याचा त्याचा निर्णय या तुकड्याने बदलत नाही.

मग हा ट्रॅक कोणी वापरावा? शाळकरी मुले, नव्याने सायकल शिकलेली प्रौढ माणसे आणि घाई नसलेले ज्येष्ठ यांना सकाळी नऊच्या आधी तो खरोखर सुखाचा आहे. त्या वेळी दुकाने उघडलेली नसतात, कप्पे रिकामे असतात आणि चालायला आलेली मंडळी आपल्या गतीने बाजूला होतात. सायंकाळी साडेपाच ते साडेनऊ या वेळात, आणि शनिवारी-रविवारी तर दुपारपासूनच, ट्रॅकवर चढू नये. खालून, डाव्या कडेने पण पार्किंगच्या कप्प्यांपासून एका हाताचे अंतर ठेवून जावे, कारण उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते. डिलिव्हरीची घाई असलेल्यांना आणि ताशी वीस किलोमीटरच्या वर सायकल चालवणाऱ्यांना ट्रॅक मुळीच सोयीचा नाही, त्यांनी तो चालणाऱ्यांना सोडून द्यावा. पावसाळ्यात पडलेल्या पानांच्या थराखाली ब्लॉक निसरडे होतात, विशेषतः उतारांपाशी. तिथे ब्रेक आधीच दाबून घ्यावा, वळताना दाबू नये. बालगंधर्वला नाटकासाठी सायकलने येणाऱ्यांनी कुलूप दणकट आणावे आणि सायकल रंगमंदिराच्या आवारात लावता येते का, ते आधी विचारून घ्यावे, कारण पदपथावर बाके पुष्कळ असली तरी सायकल बांधायला हक्काची कमान सहजासहजी सापडत नाही.